काळ्या मुठीचा ब्रश

चहा आधी संपवा, मग ऐका. मध्येच हसू आलं आणि ठसका लागला, तर पाठ थोपटायला मी उठणार नाही. माझ्याच फजितीवर हसणाऱ्याची पाठ मी कशाला थोपटू?

पहिल्यांदा मी कोण ते सांगतो, म्हणजे घोटाळा का झाला ते समजेल. मी गजानन. लोणारच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर माल पाहायचं काम करतो. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं, की पोत्याचं तोंड सोडायचं आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. वरचा माल काय, कुणीही पाहील. मी तळाचा काढतो. ओल किती, माती किती, काडीकचरा किती, मूठ उघडली की सांगतो. पोतं मामाचं असो, नाही तर साडूचं असो! वरून मोती आणि खालून माती, असंच हे जग भरलेलं आहे, हे माझं पक्कं मत होतं.

आता जन्मभर पोत्यात हात घालणाऱ्याचा स्वभाव सरळ राहील का? दूधवाल्याच्या कॅनमध्ये मी बोट बुडवून बघतो. भंडाऱ्यातली बुंदी आधी हुंगतो. लग्नात कुणी जरा जास्त आग्रह करून वाढलं, की मला वाटतं, याचं आपल्याकडे नक्की काहीतरी काम आहे. आमची सुनंदा म्हणते, "अहो, तुम्ही तं सोताच्या सावलीलेबी आधार कार्ड मागसान!"

मागेन की! सावलीचा काय भरवसा?

तर असा मी. आणि घरात आमचे बाबा.

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गाव त्यांना अजून कंपाउंडर साहेबच म्हणतं. डोक्यावर रान साफ. एक केस सापडायचा नाही. पण मिशी? अहाहा! माणूस पंच्याहत्तरीला आलेला आणि मिशी तव्याच्या बुडासारखी काळीभोर. आमच्याकडे बाहेरगावचे लोक सरोवर बघायला येतात ना, त्यातल्या एकानं सरोवर राहू दिलं आणि बस स्टँडवर बाबांच्या मिशीचाच फोटो काढून नेला. त्या दिवशी बाबा घरी आले ते घोड्यावरून उतरणाऱ्या नवरदेवासारखे.

मिशीचं गुपित कुणी विचारलं, की बाबा डोळे अर्धे मिटून सांगायचे, "जवसाचं तेल घ्याचं. त्याच्यात माक्याचा रस टाकाचा अन् लसणाच्या पाकळ्या जाळाच्या. रोज मिशीले लावाचं. बाकी काही नाई."

झालं! गावातले निम्मे म्हातारे ते तेल लावायला लागले. शेषरावकाका तर इतकं लावायचे, की हॉटेलात ते येऊन टेकले म्हणजे शेजारचं बाकडं आपोआप रिकामं व्हायचं. त्यांची मिशी काही काळी होईना. बाबा त्यांनाच दोष द्यायचे. "शेषराव, तू लावतं, पण मनापासून नाई लावत."

आणि मी? आता हसू नका. मीही लावत होतो. चाळिशीतच माझी मिशी पिकायला लागली, तेव्हापासून रोज. सुनंदानं माझी उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली होती. पण म्हटलं, बापाचं रक्त आहे, कधीतरी गुण येईलच.

आता मुद्द्यावर येतो. बाबांचा एक दाढीचा ब्रश होता. त्यांच्या लग्नात सासऱ्यानं, म्हणजे माझ्या आईच्या बापानं, आहेरात दिलेला. आई गेल्यापासून बाबा त्याला फारच जपायचे. काळी, गोल, हातात भरणारी मूठ. केस मात्र झडून झडून जुन्या केरसुणीसारखे उरलेले. रविवारी सकाळी बाबा न्हाणीत जायचे, आतून कडी लावायचे आणि चांगली सावकाश दाढी करायचे. ब्रशला कुणी हात लावायचा नाही, धुवायचाही नाही. एकदा सुनंदानं नुसता जागचा हलवला, तर घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी.

हंगाम सरला की यार्डात माशा मारायचं काम उरतं. तेव्हा मी मोबाईलवर बघत बसतो. एकदा काय दिसलं, तर एक गोरा माणूस असाच एक जुना ब्रश दुरुस्त करतोय. जुने केस मुळापासून कापले, मुठीत ड्रिल फिरवून आतली खुंटं काढली, भोक साफ केलं आणि त्यात केसांचा नवा कोरा गुच्छ डिंकानं बसवला. काय तो ब्रश दिसायला लागला! गुच्छ म्हणे बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा. त्याच्यासारखा मऊ फेस दुसऱ्या कशानं होत नाही म्हणे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांची पंच्याहत्तरी तोंडावर आली होती. शाल-नारळ तर सगळेच देतात. मी बाबांना त्यांचा ब्रश नवा करून देणार! आणि त्यांना कळूही देणार नाही.

गुच्छ ऑनलाइन मागवला. पार्सल आलं, त्यावर छापलेलं, 'शंभर टक्के शुद्ध'. झाली ना पाल चुकचुकायला सुरुवात! आमच्या धंद्यात जो शुद्ध शुद्ध म्हणतो, त्याच्या पोत्यात मी दोन्ही हात घालतो. मी चिमट्यानं एक केस उपटला आणि गॅसवर धरला. नायलॉन असेल तर वितळून गोळी होईल, खरा केस असेल तर जळका वास येईल. वास आला. पण एक केस खरा निघाला म्हणून सगळे खरे कशावरून? मग मधला एक जाळला. मग कडेचा. मग तळाचा.

"काय जळून राह्यलं हो?" सुनंदा आतून ओरडली.

"काही नाई. माल पाहून राह्यलो."

"माल पाहाचा तं यार्डात पाहा ना! सैपाकघरात काऊन?"

माल खरा निघाला, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

ब्रश दुरुस्तीला द्यायचा कुणाला? तर रशीदभाई खरादी. म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून कातणारे. बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या, पोरांचे भोवरे, सगळं त्यांच्या हातचं. दाढी मेंदीनं लालभडक, आणि तोंड त्यांच्या यंत्रापेक्षा जास्त चालतं. यंत्राला निदान वीज तरी लागते!

शनिवारी सकाळी बाबा फिरायला गेले, तसा मी ब्रश उचलला. त्या गोऱ्यानं 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो दाखवले होते, म्हणून मीही 'आधी'चा एक फोटो काढला. त्या फोटोनं पुढं माझा घात केला, ते सांगतोच.

रशीदभाईंनी गुच्छ हातात घेऊन गालावर फिरवला. "वा गजूभाऊ! एकदम मखमल. कोन्त्या जनावराचे?"

"बॅजरचे."

"बॅजर म्हणजे?"

मी वाचून ठेवलं होतं. "आपल्या बिज्जूच्या जातीतलं असते."

रशीदभाईंनी गुच्छ असा फेकला की भुशात जाऊन पडला. "तौबा, तौबा! बिज्जू? कब्र उकरते ना तो! अन् मी गालाले लावला!"

"अहो, हा इलायती हाय. थंड मुलखातला. गवतातले किडे खाते."

"तिकडे काय लोक मरत नाईत काय?" त्यांनी गालाला तीन वेळा साबण लावला. पण कारागीर पक्का. गुच्छ फडक्यात धरून उचलला आणि म्हणाले, "कंपाउंडर साहेबांचं काम हाय म्हणून करून राह्यलो. माह्या अब्बाच्या आजारपणात घरी येऊन सुई देऊन जात होते. मूठबी चमकवून देतो. परवा या."

इकडे घरी बाबांना ब्रश दिसेना.

"माहा ब्रश कोणं घेतला?"

"उंदरानं नेला असंन," मी अगदी साळसूदपणे म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे असं काही रोखून पाहिलं की बस. दुसऱ्या दिवसापासून तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसले. दाढ दुखते म्हणे. फिरणं बंद, हॉटेल बंद. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मला संशय आला. का येऊ नये? बाबांना साखर आहे. दाढ दुखते म्हणजे नक्की चोरून गोड खाल्लं! मी गुळाचा डबा काढून पाहिला. लाडवाचा डबा पाहिला. देवापुढच्या वाटीतले खडीसाखरेचे खडेही मोजणार होतो. सुनंदा उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. म्हणाली, "सापडलं का काही? नाई ना? जिथं पाहाचं तिथं तुम्ही कधी पाहातच नाई."

तेव्हा मला वाटलं, ही तुपाच्या बरणीबद्दल बोलतेय. मी तीही पाहिली.

ठरल्या दिवशी रशीदभाईंकडे गेलो. आणि काय सांगू! तो बोलका माणूस मुका झालेला. माझ्याशी नजर मिळवेना. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी माझ्या हातात कोंबली.

"घ्या भाऊ. झालं काम. घरीच उघडा."

मी कशाचा घरी उघडतोय? तिथंच कागद फाडला. केस झकास बसले होते, त्याबद्दल वाद नाही. पण मूठ पांढरी! सायीसारखी पांढरी, आणि गळ्याशी एक बारीक लाल रेघ.

"रशीदभाई, हा माहा ब्रश नोहे."

"तुमचाच हाय भाऊ."

"माहा काळा होता!"

"घासला तं असाच निंगाला."

"काळं घासून पांढरं होते काय? मंग मी कोळसे घासून चांदी करतो ना!"

रशीदभाईंनी मान खाली घातली. "आता काय बोलू... कंपाउंडर साहेबांचाच ब्रश हाय, खुदा कसम. चुपचाप नेऊन त्यांच्या हातात द्या. कोणाले दाखवू नका."

चुपचाप? कोणाला दाखवू नका? अहो, हे शब्द ऐकल्यावर तर मी पोतं उलटंच करतो!

"जुने केस दाखवा."

"फेकले."

"मुठीचा निंगालेला भुसा?"

"जाळला."

"काऊन जाळला?"

"असाच. तुम्ही बसा भाऊ, चहा सांगून येतो."

बघा! जो माणूस दुसऱ्याला बोलूच देत नाही, तो प्रश्न टाळून चहा सांगायला पळतो. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला संशय आला नसता?

ते बाहेर पडताच मी दुकान धुंडाळायला लागलो. कोपऱ्यात एक टोपली होती, भुशानं भरलेली. सवयीप्रमाणे कोपरापर्यंत हात घातला. तळाशी काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. बाहेर अर्धवटच ओढलं, तर काळं! हातात अगदी भरणारं! तेवढ्यात रशीदभाईंची चाहूल आली. मी ती वस्तू तशीच पँटच्या खिशात कोंबली, चहा उभ्यानं ढोसला आणि निघालो. चोर सापडला होता, मुद्देमालासकट.

शहाण्या माणसानं सरळ घरी जावं की नाही? मी हॉटेलात गेलो. शेषरावकाका आणि त्यांची मंडळी तिथं होतीच. मी मोबाईलवरचा 'आधी'चा फोटो दाखवला, आणि शेजारी हा पांढरा ब्रश ठेवला.

शेषरावकाकांनी चष्मा वर केला. "बाप्पा! हे तं शिंग होतं. काळं शिंग."

"म्हशीचं?" कुणीतरी विचारलं.

"म्हशीचं इतकं चमकते काय बे? गव्याचं असंन."

एक कप चहा संपेपर्यंत ते गव्याचं शिंग झालं. दुसरा कप येईपर्यंत माझ्या आजोबांना ते एका इंग्रज साहेबानं खूश होऊन दिलेलं ठरलं. माझ्या आजोबांनी जन्मात इंग्रज पाहिला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण इतकी माणसं आपल्या बाजूनं बोलत असताना कोण खोडून काढतो? मला तर तो साहेब डोळ्यांपुढं दिसायला लागला.

"अन् त्याच्या बदल्यात तुले हे प्लास्टिक देलं!" शेषरावकाका उठलेच. "चाल बे, विचारू त्याले. कंपाउंडरलेबी बलावून घ्या कोणी. वस्तू त्याची हाय, तो ओळखंन."

निघाली वरात! मी पुढं, मागं तेलाच्या वासासकट शेषरावकाका, त्यांच्यामागं रिकामी मंडळी. रस्त्यात विचारणाऱ्याला कुणी सांगे ब्रश चोरला, कुणी सांगे शिंग चोरलं. दुकानापाशी पोचलो, तेव्हा मागचे दोघं रशीदभाईंनी गव्याची शिकार केली का, असं विचारत होते.

रशीदभाईंनी यंत्र बंद केलं. एवढी माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्या दुकानात लोक दुरुस्तीला वस्तू टाकून जात, कधी कुणी काही लिहून घेतलं नव्हतं की विचारलं नव्हतं. आणि आज दारात पंचायत.

"रशीदभाई," मी आवाज चढवला, "शेवटचं विचारतो. माही काळी मूठ कुठी हाय?"

"भाऊ, सांगतलं ना. जी दिली तीच हाय."

"मंग त्या मुठीले इतकी काळीशार केली कोणं?"

"ते मी नाई सांगत."

"पाह्यलं?" मी मंडळींकडे वळलो. "सांगत नाई म्हणते! आता मीच दाखवतो."

आणि मोठ्या ऐटीत खिशात हात घालून मी मुद्देमाल काढला आणि सगळ्यांपुढं उंच धरला.

मग शेषरावकाका पुढं वाकले. "अबे, हा तं भोवरा हाय."

मी वर पाहिलं. काळा रंग दिलेला, खालची लोखंडी आर बसवायची राहिलेला, चांगला टोकदार भोवरा! दोरी गुंडाळायच्या खाचांसकट!

"हा माहा भोवरा हाय!" रशीदभाई ओरडले. "सकाळपासून ढुंढून राह्यलो मी! गजूभाऊ, हा तुमच्या खिशात कसा गेला?"

मंडळी आता रशीदभाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी त्या दुकानात एकच चोरी सिद्ध झाली, आणि ती माझी होती. पण मी एवढा पेटलो होतो की शरमायचंही भान नव्हतं. म्हणालो, "भोवऱ्याचं राहू द्या! मुठीचं बोला! नाई तं मी हे प्रकरण यार्डात नेतो, गावभर करतो. अख्ख्या लोणारात कोणी तुमच्या दुकानात लाटणंबी टाकणार नाई!"

रशीदभाई यंत्रावरचा भुसा झाडायला लागले.

"गज्या!"

मागं वळलो. बाबा. तोंडाला दुपट्टा, धापा टाकत उभे. गर्दी बाजूला झाली. बाबा आत आले, त्यांनी माझ्या हातातला पांढरा ब्रश घेतला, आणि ती लाल रेघ अंगठ्यानं पुसून पाहिली.

"तुह्या मायनं ह्या रेघीचा रंग पाहून पसंत केला होता," ते म्हणाले. "मीच इसरून गेलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे हाच ब्रश हाय. मूठ पांढरीच होती. काळी मी केली."

"कायनं?"

रशीदभाई एकदम मध्ये पडले. "साहेब, राहू द्या ना! काऊन सांगता? मी कोणाले बोललो काय? बोलणारबी नव्हतो!"

"म्हणूनच सांगतो," बाबा म्हणाले. "माही मिशी काळी राहावी म्हणून तुह्या तोंडाले काळं फासू देऊ काय मी?"

आणि त्यांनी दुपट्टा सोडला.

मिशी होती. पण कशी? वर काळी आणि मुळाशी पांढरीफट! वरचा थर एक, तळाचा दुसरा. जन्मभर अशी पोती मी बाजूला काढली होती, आणि हे पोतं रोज माझ्यासमोर बसून जेवत होतं!

कलप! अहो, कलप लावत होते बाबा! त्या ब्रशानं! दर रविवारी, आतून कडी लावून! रंगाच्या हातांनी धरून धरून ती पांढरी मूठ काळी झाली होती. रशीदभाईंनी ब्रश पाण्यात टाकला तेव्हा पाणी शाईसारखं झालं, आणि स्वतः दाढीला मेंदी लावणाऱ्या माणसाला ते कळायला किती वेळ लागणार? कंपाउंडर साहेबांची इज्जत म्हणून त्यानं केस फेकले, भुसा जाळला आणि माझ्या तोंडचं वाटेल ते ऐकून घेतलं. आणि ब्रश नाहीसा झाला तेव्हा बाबांना वाटलं, पोराला सगळं समजलं, आता हा चारचौघांत फजिती करणार. म्हणून दाढदुखी!

फजिती मी केलीच. मला तिथंच भुशात गाडून घ्यावंसं वाटलं. बाबांचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तो मी केला होता, तेही त्यांना भेट द्यायला निघून.

शेवटी शेषरावकाका जवळ आले. अगदी हळू आवाजात विचारलं, "कंपाउंडर... मंग ते जवसाचं तेल?"

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "तेल चांगलं असते शेषराव. चटणीवर."

पहिलं हसू रशीदभाईंना फुटलं. मग एकेकाला. शेषरावकाका आधी रागानं लालबुंद झाले, मिशी चोळली, बोटं हुंगली, आणि मग तेही गदगदा हसायला लागले. बाबाही हसले. रशीदभाई म्हणाले, "साहेब, माही लाल दाढी सारं गाव पाहाते, कोणी काही म्हणत नाई. तुम्ही काऊन कडी लावत होते?" मी रशीदभाईंचे दोन्ही हात धरून माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू द्या भाऊ, आधी भोवरा द्या."

घरी आलो. सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मानही वर केली नाही.

"तुले माहीत होतं?"

"लग्न झालं तवापासून. न्हाणीच्या भिंतीवरचे काळे शितोडे कोण पुसत होतं? तुम्ही?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं? मी रोज ते तेल चोपडून राह्यलो ना!"

"सांगतलं असतं, तं तुम्ही मामाजींवर, सोताच्या बापावरबी संशय घेतला असता. म्हणलं, घरात एका तरी माणसावर भरवसा राहू द्या."

मी तेलाची बाटली उचलली आणि न्हाणीच्या दाराच्या बिजागऱ्यांना ओतली. तिथं मात्र गुण आला.

पंच्याहत्तरीच्या दिवशी बाबांनी अंगणात, सगळ्यांसमोर, त्या नव्या ब्रशानं दाढी केली. काय तो फेस! पांढरी मिशी, पांढरी मूठ, गळ्याशी लाल रेघ. रशीदभाई आले होते. त्यांनी फेसाकडे लांबूनच पाहिलं, बिज्जूचं नाव काढलं नाही. दाढी झाल्यावर बाबांनी ब्रश धुतला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा आता तुले. मी न्हाव्याकडे जात जाईन. तिथं गप्पा होतात, अन् लपवाले आता काही राह्यलं नाई."

आता तुमची नजर मघापासून माझ्या मिशीवर आहे, ते मला दिसत नाही असं समजू नका. हो, आहे काळी. चांगली दिसते ना?

रविवारी मी जरा सावकाश दाढी करतो. कडी लावून. दाढी करताना माणसाला मोकळीक लागते. ब्रशाची मूठ अलीकडे थोडी मळली आहे, पण लोणारचं पाणीच खारं, त्याला मी काय करणार?

काल हॉटेलात शेषरावकाकांनी विचारलं, "गजानन, मिशी लय झकास झाली बे. काय लावून राह्यला?"

मी डोळे अर्धे मिटले. "जवसाचं तेल, काका. मनापासून लावतो."

तर तो माणूस उठला, माझ्याजवळ आला, माझ्या मिशीला नाक लावलं आणि भर हॉटेलात मोठ्यानं म्हणाला, "मंग वास काऊन येत नाई? दाखव बरं तुहा ब्रश!"

आता तुम्हीच सांगा मंडळी, माणसानं माणसावर इतका संशय घ्यावा का हो?